पाचवा कप्पा

चार हार्डडिस्का सतरंजीवर उताण्या,
आणि मी वहीच्या मागच्या पानावर
चौकटी काढत बसलेली.

छोटीवर विंडोज, एडिटिंगचं सॉफ्टवेअर. बास.
तिच्यावर एक फोटोसुद्धा ठेवायचा नाही.
दुसरी तात्पुरत्या फायलींना,
मशीन मनाशी जे पुटपुटतं, गिरवतं, पुसतं
ते सगळं तिच्यावर. गेली तर गेली.
पाटीवरच्या आकडेमोडीला कोण रडतं?

राहिल्या दोन. जुळ्या.
चार-चार टेराबाइट, शाहूपुरीतून एकाच बिलावर आणलेल्या.
घोडं इथं अडलंय.

एका जुवाला जुंपल्या
तर प्रत्येक फाईल अर्धी हिच्यात, अर्धी तिच्यात,
वेग जवळजवळ दुप्पट,
चार कॅमेऱ्यांची हळद एकाच वेळी पळते, न ठेचकाळता.
पण एक बसली की दोन्ही बसल्या.
नाहीतर दोघींनाही तेच ते लिहायला लावायचं.
पैसे दोघींचे, जागा एकीची.

अब्बांना यातलं काही नको आहे.
चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलेला माणूस,
व्हर्नियर लावून बघतो नि चिडतो,
"साडेतीन इंची म्हणत्यात, रुंदी चार भरतीया.
मापं कोण घेतंय ह्यांच्यात?"
मग ॲल्युमिनियमची पट्टी कापायला बसतात.
दोन डिस्कांत दोन बोटं वारा,
स्क्रूखाली स्कूटरच्या ट्यूबचे वायसर,
"फिरणारी वस्तू हाय, थरथरणारच.
एकीची थरथर दुसरीला लागू द्यायची न्हाई."

मागच्या खेपेला मी जुंपल्या होत्या.
एका शुक्रवारी आतून आवाज आला.
टक. टक.
मग थांबून, विचार केल्यासारखा, टक.
अब्बा दारातूनच म्हणाले, बेअरिंग गेलं.
तीन लग्नांचं कच्चं शूटिंग गेलं,
पण सीड्या तर देऊन झाल्या होत्या,
त्या रात्री मी नीट झोपले.

दिवाळीनंतर इंगळीच्या मगदूम वहिनी आल्या.
"मांडवात खुर्च्या मोजताना ह्यांचं काढलेलं बघा,
'माझं काय काढताय, नवरीचं काढा' म्हणालेले.
सीडीत न्हाई ते."
नव्हतंच. मीच कापलेलं.
अकरा सेकंद. भिंगावर हात आडवा आला होता.
आम्ही शिकलगार. धार लावणं घराण्यातलं,
कापणं तेवढं माझं.
"नसू दे मग," म्हणाल्या,
आणि पिशवीतनं आणलेली गुळाची ढेप
तशीच ठेवून गेल्या.
चार महिने आम्ही ती चहात घालत होतो.

"दोन्हीवर तेच लिहायचं," मी सांगते.
कानस थांबते.
"मग दुसरी कशाला घेतलीस?"
उत्तर मी जुळवेपर्यंत त्यांचं त्यांनाच सापडतं,
"आम्हीबी एक जॉब जादाच काढायचो. रिजेक्शनला."

खरं तर एवढ्यानंही भागत नाही.
ही पडली तर ती सांभाळेल,
पण मी खोडलं
तर दोघी एकाच क्षणी, तितक्याच इमानानं खोडतील.
माझ्या हातापासून वाचवणारी
या चौघींत एकही नाही.

रात्री उचगावचं एक लग्न कापताना
कुणाचातरी हात भिंगावर येतो,
बांगडीत सेफ्टीपिन अडकवलेला.
बोट डिलीटवर जातं, तिथंच राहतं.
नवं फोल्डर. नाव काय द्यावं?
'हात' लिहिते.
हे कुठं ठेवायचं ते माझ्या चौकटींत नाही.

रॅक सकाळी तयार झाला. कप्पे पाच.
"डिस्का चारच आहेत, अब्बा."
"असू दे की."
पाचव्याच्या कडांवरून बोट फिरवलं,
सगळी बूर काढलीय, कुठं लागत नाही.